डावी पोटरी

आमची मावशी अठ्ठावीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि दिवसभर ज्याला जो हवा त्याला तो जोडून द्यायचा. घरातसुद्धा कोणाचा निरोप कोणाला पोचवायचा तर तो तिच्यामार्फतच, म्हणून आम्ही तिला ‘एक्स्चेंज’ म्हणायचो. लग्न तिने केलं नाही. निवृत्त झाली आणि सहा महिन्यांत जाहीर करून टाकलं, की ती सायकलवर एकटी समुद्रापर्यंत जाणार. चौदाशे किलोमीटर.

मामा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, जेवता जेवता थांबला. “साठी आली आणि हे खूळ?”

“साठीला अजून दोन वर्षं आहेत, दादा.”

शेवटी दोन अटींवर तह झाला. सहा दिवस सायकल चालवली की सातवा दिवस विश्रांतीचा, आणि रोज दुपारी एक वाजता दादाला फोन.

तिसरा विश्रांतीचा दिवस एका लहान गावात आला. एका शिंप्याच्या दुकानावरची खोली तिने भाड्याने घेतली होती. सकाळी कपडे धुऊन दोरीवर टाकले, सायकलची चेन पुसून तेल दिलं. पाय थोडा ओढत होता, पण एकवीस दिवसांनी पाय ओढणारच. सायकलवर सगळंच अंग दुखतं, त्यामुळे वेगळं असं काही कळत नाही. आज स्वस्थ बसल्यावर मात्र बाकी सगळं शांत झालं आणि एकटी डावी पोटरी ठसठसत राहिली.

तिने तळव्यावर तेल घेतलं आणि पोटरीवर हात ठेवला. पोटरी गरम लागली. उजवी चाचपून पाहिली, ती गार होती.

चोळायला सुरुवात करणार, तोच तिचा हात थांबला. फार वर्षांपूर्वी एका वॉर्डातून सिस्टरचा फोन आला होता. “डॉक्टरांना जोडा, लवकर! पायात गुठळी होती, नातेवाइकांनी पाय चोळून दिला आणि पेशंट एकदम...” मावशीने लाइन जोडून दिली होती. पुढचं ऐकायचं नाही, हा नियम, म्हणून ऐकलं नव्हतं. पण तो आवाज कुठेतरी राहून गेला होता. तिने तेलाचा हात टॉवेलला पुसला. ‘स्नायू आखडलाय, दुसरं काय असणार,’ असं स्वतःला बजावत ती पडून राहिली. डोळा काही लागेना.

एक वाजला.

“काय गं, कशी आहेस?”

“छान. कपडे वाळतायत, मी लोळतेय.”

“आवाज असा का येतोय?”

“रेंज नाही इथे.” तिने फोन ठेवला. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज ओळखण्यात गेली होती. स्वतःचा आवाज खोटा आहे, हे तिलाच सगळ्यात आधी कळलं.

बाटली भरायला ती खाली उतरली. शिंप्याने मशीनवरून मान वर केली. “ताई, लंगडताय?”

“आखडलाय जरा. उद्या निघायचंय, तोवर सुटेल.”

“बसा जरा,” तो म्हणाला. बायकोला हाक मारून त्याने गळ्यातली टेप तिच्याकडे दिली. तिने दोन्ही पोटऱ्या मापल्या. उजवी चौदा इंच, डावी साडेपंधरा.

मावशी हसायला गेली. “सायकलवाल्यांचे पाय असेच असतात.”

“ताई, रोज माणसं मापतो मी. पाव इंचाचा फरक असतोच. दीड इंचाचा नसतो. डॉक्टरकडे चला.”

“आधी वरून विम्याचे कागद घेऊन येते.”

जिना अकरा पायऱ्यांचा होता. सातव्या पायरीवर तिला धाप लागली. रोज घाट चढणारी बाई कठडा धरून उभी राहिली. ही धाप भीतीची, की पायात खरंच गुठळी होती आणि ती छातीकडे सरकली? पुढची पायरी चढायची हिंमतच होईना. “वहिनी,” तिने हाक मारली, “कागद तुम्ही आणता का?”

शेजारच्या बेकरीवाल्याने गाडी काढली. शिंप्याची बायको पाठीमागे तिचा पाय मांडीवर घेऊन बसली.

हॉस्पिटलात सोनोग्राफी करणारी मुलगी आधी गप्पा मारत होती, कुठून आलात, एकट्याच का. मग ती मांडीवर एका जागी पुन्हा पुन्हा दाबून पाहू लागली. मावशी छताकडे बघत पडून होती. मुलगी उठून डॉक्टरांना बोलवायला गेली. मग छातीचाही स्कॅन झाला.

“शिरेत गुठळी आहे. गुडघ्याच्या वरपर्यंत गेलीय,” डॉक्टर म्हणाल्या. “नशीब, छातीत अजून काही दिसत नाही. दिवसाला पाणी किती पिता?”

मावशी ओशाळली. “कमीच. रस्त्यात बाईमाणसाला जायला जागा असते कुठे?”

डॉक्टरांनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांना ठाऊकच होतं. “पाणी कमी पडलं की रक्त दाट होतं. उद्या तुम्ही सायकलवर बसला असतात, तर...” वाक्य अर्धवट टाकून त्या इंजेक्शन लिहू लागल्या.

इंजेक्शन घेतल्यावर तिने मामाला फोन लावला.

“दादा, मी दुपारी खोटं बोलले.”

पलीकडे कागद-पेन शोधल्याचा आवाज आला. मग, “कुठलं हॉस्पिटल? पत्ता सांग.”

दुसऱ्या दिवशी मामा पोचला. दोन दिवस तो खुर्ची ओढून नुसता बसून राहिला, औषधांच्या वेळा कागदावर लिहीत. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, धोका टळला. तेव्हा कुठे त्याचं तोंड सुटलं, आणि त्याने बहिणीला असं फैलावर घेतलं, की शेजारच्या खाटेवरची आजी उठून बसली. मावशी ऐकत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला रडू आलं.

पुढे सहा महिने गोळ्या चालल्या. सायकल मामाच्या अंगणात कापडाखाली उभी होती. ती विकावी असं त्याने दोनदा सुचवलं, तिसऱ्यांदा नाही. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मावशी सायकल बसच्या टपावर टाकून त्याच गावी गेली, शिंप्याकडे दोन दिवस राहिली आणि तिथूनच पुढे निघाली. समुद्र गाठायला तिला सोळा दिवस लागले.