नीलम्माच्या नावाची वडी

परळीच्या देवळाच्या गल्लीत तेव्हा विभूतीची नऊ दुकानं होती आणि नवांचाही माल सारखाच वाईट. गोवऱ्या जाळायच्या, राख चाळायची, पांढरी दिसावी म्हणून चुन्याची चिमूट टाकायची आणि लाडू वळायचे. कपाळ चुरचुरलं की गिऱ्हाइकाला सांगायचं, देवाचं तेज हाय, सोसा! वा रे तेज!

नीलम्माला हे सोसवेना. नवरा गेला तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची. विभूती ती करायची आणि धाकटा दीर चन्नप्पा ती आपल्या दुकानात आपली म्हणून विकायचा. कुंकू गेलं, पण लिंगायताच्या विधवेची विभूती कुणाच्या बापाला पुसता येत नाही. ती रोज स्वतःच्याच कपाळावर माल पारखायची. एके दिवशी चुन्याचं मडकं तिनं सरळ उकिरड्यावर नेऊन फोडलं.

"वैनी, येड लागलं का? राख काळपट दिसंल!" चन्नप्पा ओरडला.

"दिसू द्या की. धुतली की उजळंल."

आणि तिनं खरंच धुतली. राख पाण्यात कालवायची, मलमलीतून गाळायची, निवळू द्यायची, पुन्हा गाळायची. सात वेळा. खाली बसलेला साका लोण्यासारखा मऊ. लाडू वळणंही तिनं सोडलं. हद्दीवरच्या कडा गावाच्या पलीकडचे यात्रेकरू सांगायचे, करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यावर निजामाचे शिपाई गाठोडी उलथीपालथी करतात, घरी जाईस्तोवर लाडवांचा भुगा होतो. मग नीलम्मानं सुताराकडून साचा करून घेतला, चौकोनी वड्या पाडल्या आणि चार-चार वड्या पळसाच्या पानात घट्ट बांधल्या. चन्नप्पाला माल देणं बंद करून ती गल्लीत स्वतःच टोपली मांडून विकू लागली. गल्लीतल्या सहा बाया जमवून एकेकीला एकेक काम नेमून दिलं. म्हातारी उमाबाई प्रत्येक मडक्यातली पहिली वडी कपाळाला घासून बघायची. तिनं नाक मुरडलं की सगळा माल परत पाण्यात, मग तो नीलम्माच्या हातचा का असेना!

इथवर झकास. मग बाईनं घोडचूक केली. आपली वडी लोकांना ओळखू यावी म्हणून साच्यात शिवलिंग कोरून घेतलं. त्या शिवरात्रीला वड्या हातोहात गेल्या. पुढच्या शिवरात्रीला मात्र जुनं गिऱ्हाईक एकही फिरकेना. कडा गावची जुनी गिऱ्हाईक वत्सलाबाई देवळापाशी दिसली तशी नीलम्मानं तिला गाठून विचारलं. ती कानाला हात लावून म्हणाली, "अगं बाई, देवावर बोट कसं घासू? देव्हाऱ्यात ठेवलीय मी. रोज बेल वाहते."

नीलम्मानं कपाळावर हात मारला आणि पोट धरून हसली. पहिलीच वडी घरोघर देव होऊन बसली, तर दुसरी घेतंय कोण!

मग घासलं तरी पाप लागणार नाही असं काय कोरावं? तिला फार डोकं खाजवावं लागलं नाही. तिनं स्वतःचं नाव कोरलं. नीलम्मा.

श्रावणी सोमवारी नावाच्या पहिल्या वड्या विकल्या गेल्या आणि गल्लीत नुसता भडका उडाला. चन्नप्पानं पंच जमवले. "बाईचं नाव कपाळाला लावायचं? तेबी नवरा गेलेल्या बाईचं?" पंचांनी फर्मान काढलं, वडीवर चन्नप्पाच्या दुकानाचं नाव घाल, नाहीतर शिवरात्रीला देवळाच्या गल्लीत तुला जागा नाही. वर्षाची खरी विक्री त्या जत्रेच्या पाच दिवसांतली. सात घरांच्या चुली तिच्यावर पेटायच्या. मेल्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर नेमका तिथंच घाव घातला.

"गल्ली तुमची आसंल, हात माजे हायेत," नीलम्मा उभी राहून म्हणाली. "सात वेळा मी गाळते. मग नाव भावजींचं कावून? त्यांनी एकदा तरी गाळलीय का?"

सहांतल्या तिघींना नवऱ्यांनी घरात डांबलं. उरलेल्या तिघी आणि नीलम्मा शिवरात्रीला गावाबाहेर, बैलगाड्या सुटतात तिथं, बाभळीखाली टोपल्या मांडून बसल्या. दोन दिवस कुत्रंही फिरकलं नाही. लोक गाडीतून उतरून थेट देवळाकडं जायचे.

"नीलम्मा, नाव खरडू का गं?" उमाबाई हळूच म्हणाली. "नातवंडं उपाशी ऱ्हातील."

नीलम्मानं टोपली जवळ ओढली. हीच बाई असं बोलली, ते तिला पंचांपेक्षा जास्त लागलं. "एक दिस थांबा, उमाबाई," ती म्हणाली. "खरडायचंच झालं तर आधी मला खरडा."

तिसऱ्या दिवशी चन्नप्पा स्वतः आला, घामाघूम. त्याच्या मागं वत्सलाबाई आणि कड्याची वीस-पंचवीस माणसं. श्रावणात नेलेली वडी संपली होती, त्यांना तीच हवी होती. चन्नप्पानं पुढं केलेला लाडू वत्सलाबाईनं कपाळाला लावून बघितला आणि त्याच्याच गादीवर परत ठेवला होता.

चन्नप्पा खाली वाकून कुजबुजला, "वैनी, सगळा माल मी उचलतो. नाव तेवढं खरडून द्या."

नीलम्मा मुद्दाम मोठ्यानं बोलली. "सगळा घ्या की! पण नावासकट. आन् दुकानात बसून तुमीच वरडायचं, नीलम्माची वडी घ्या म्हणून."

"हे न्हाई जमायचं."

"मग सरका. गिऱ्हाइकाची वाट अडवू नका."

आणि देवळाच्या गल्लीचा तो मालक बाभळीच्या काट्यांत सरकून उभा राहिला.