मागच्या दाराची भाकरी

"आदी पानं कुणी खाल्ली ते सांग."

"खाल्ली कुणीतरी. पानंच हायत, सोन्याची बिस्किटं न्हायत."

"कुणीतरी म्हंजे कोण? रोज वीस-वीस प्लेटी भरून दिल्या मी. वीसच्या वीस रिकाम्या आल्या. सुकन्या, माझ्या तोंडाकडं बघून सांग."

"तोंडाकडं बघायची मला सवय न्हाय. आठ वर्सं ते हितं होतं कुठं?"

बुधवारची भर दुपार. बारामती एमआयडीसीच्या रस्त्यावर नुकतंच सुरू झालेलं 'हॉटेल एजियन'. स्वयंपाकघराच्या दारात नागेश उभा, कमरेला पांढरा एप्रन, हातात मटणाची सळई. गल्ल्यापाशी सुकन्या, त्याची बायको, डोक्यावरून पदर, पण आवाजावर कसलाच पदर नाही. मधल्या टेबलावर तिचे सासरे आबाजी मान खाली घालून भाकरी खात होते. आणि पलीकडे मी, सुकन्याची जुनी गिऱ्हाईक, द्राक्षाच्या पानाची एक गुंडाळी हातात धरून. तोंडात घालावी तर भांडण चाललेलं, खाली ठेवावी तर नागेशचं लक्ष माझ्या हाताकडे.

सुकन्याला मी ओळखते ती तिच्या शिलाई मशीनमुळे. बारामतीला लागून असलेल्या जळोचीत ती एका खोलीत ब्लाउज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश शिवायची. आमच्या हौशी नाटकमंडळीचे कपडे तिच्याकडेच. एकदा राजाचा अंगरखा तिने एका दुपारीत उरकून दिला आणि वर मला सुनावलं, "स्वरदाताई, राजा जरा पोटानं कमी निवडत जा की. एका राजात दोन प्रधान निघाले असते."

तिचं माहेर इंदापूर. एकोणिसाव्या वर्षी निमगाव केतकीच्या आबाजींच्या घरात सून म्हणून आली. आबाजींचं अर्धं आयुष्य मेंढ्यांमागे गेलेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, पाऊस तोंडावर आला की परत. नागेशला ते नको होतं. कुणाच्या तरी ओळखीने तो मुंबईला गेला आणि तिथून एका ग्रीक मालकाच्या मालवाहू जहाजावर. आबाजी गावभर सांगत, "मेंढरामागं चालायला पाय दुखत हुते, म्हणून गडी पाण्यावर गेला."

दोन वर्षं जहाजाच्या भटारखान्यात कांदे सोलले, मग म्हातारा ग्रीक आचारी शिकवील तसं शिकत गेला. दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. पत्र यायचं त्यावर बंदराचं नाव असायचं. ते नाव सुकन्या मनिषाच्या नकाशाच्या पुस्तकात शोधायची आणि शिसपेन्सिलीने ठिपका द्यायची. मनिषा म्हणजे त्यांची मुलगी, आता आठ वर्षांची. बाप घरी आला की तिसऱ्या आठवड्यात ती विचारायची, "पप्पा, तुमी कवा जाणार?" रागाने नाही. पाहुण्याला विचारतात तसं.

म्हणून सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात नागेश म्हणाला की जहाज पुरे, आता इथेच हॉटेल टाकतो, तेव्हा सुकन्याने दुसरा शब्द काढला नाही. "काय बी उघडा म्हटलं मी," ती मला सांगत होती. "पंक्चरचं दुकान उघडा. पण हितं उघडा."

त्याने ग्रीक उघडलं.

भिंती पांढऱ्या, दारं-खिडक्या निळ्या, पाटीवर ग्रीसच्या एजियन समुद्राच्या निळ्या लाटा. पहिल्या सकाळी सहा माणसं आली, सहाच्या सहा दुधाच्या किटल्या घेऊन. त्यांना वाटलं, नवीन डेअरीचं संकलन केंद्र. दुसऱ्या दिवशी नऊ. नागेश एकेकाला हात जोडून सांगतोय, "ओ दादा, हे ग्रीक हॉटेल हाय," आणि दादा विचारतायत, "मग फॅट कितीचं घेता?" शेवटी सुकन्यानेच एकाची किटली ठेवून घेतली. दही तरी लागणारच होतं.

पण खरा घोटाळा मुहूर्ताचा होता. नागेशने नारळी पौर्णिमा धरली. दर्यावरच्या माणसाला याहून चांगला दिवस कुठला? सुकन्या तेव्हा राखीला माहेरी गेलेली. परत आली तर दारात फुलांची माळ, शेगडीवर पंचवीस सळया मटण, आणि आत एक माशी नाही.

"अहो, श्रावण चाललाय!"

"बरं मग?"

"मग काय बरं मग? श्रावणात मटण कोण खातंय?"

"तिकडं श्रावण नसतो."

"तिकडं नसंल! गिऱ्हाइकं हितली हायत का तिकडनं बोटीनं येणारेत?"

आठ वर्षांत या माणसाच्या डोक्यातून महिने पुसले गेले होते. श्रावण संपला तर गणपती. गणपती उठले तर पितरं. पितरं झाली तर घट. दसऱ्यापर्यंत त्याच्या सळयांवर बटाटा आणि ढोबळी मिरची. आणि द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, ज्याच्यावर त्याचा सगळ्यात जास्त जीव. त्यावर ऑलिव्हचं तेल. ते तेल मिळायचं औषधाच्या दुकानात, छोट्या बाटलीत. "लेकराच्या मालिशीचं तेल गिऱ्हाइकाच्या ताटात!" सुकन्या कपाळावर हात मारून घ्यायची. "उद्या ग्राइप वॉटरची आमटी करतील."

कशालाच तयार नव्हता. रस्सा ठेवा म्हटलं, नाही. पिठलं? नाही. फॅमिली रूमला पडदा लावा, बायका अशा उघड्यावर बसत नाहीत म्हटलं, तर म्हणे, तिथे सगळे एका टेबलाभोवती एका ताटात खातात, पडदे लागत नाहीत. तिने पडदा शिवून लावला, त्याने काढला. तिने पुन्हा लावला. चौथ्यांदा त्या पडद्याचा मनिषाला परकर झाला.

मग एक दिवस भिमा आला. निमगावचाच, दूध कारखान्यात पाळीवर काम करणारा. गावचा माणूस म्हणून नागेशने प्रेमाने पानांची प्लेट दिली. भिमा पंधरा मिनिटं प्लेटीकडे बघत बसला. सुकन्या पाणी द्यायला गेली तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "वैनी, राग मानू नगा. पर ह्ये आमी मेंढरास्नी घालतो."

"मला म्हाईत हाय, भावजी."

"सकाळधरनं पोटात काय न्हाय."

हॉटेलच्या मागे एक पत्र्याची शेड. तिथे सुकन्याने आपलं मशीन मांडलं होतं, हॉटेलातून वेळ मिळाला की चार टाके घालायला. तिने भिमाला तिथे नेलं आणि स्वतःचा डबा पुढे ठेवला. पिठलं, भाकरी, कांदा. पानांची प्लेट शेजारच्या फुलाबाईच्या शेळीने संपवली. रिकामी प्लेट आत गेली. नागेशने ती उजेडात धरून बघितली आणि हॉटेल उघडल्यापासून पहिल्यांदा शिट्टी वाजवली.

ती शिट्टी ऐकली तिथे सुकन्या फसली.

दुसऱ्या दिवशी भिमा तिघांना घेऊन आला. आठवड्याने दहा. घट उठले तोवर वीस. सुकन्याची अट एकच: भाकरी पाहिजे तर आतून नागेशची एक प्लेट मागवायची. पहाटे जळोचीत पन्नास भाकरी थापायच्या, जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधायच्या, शिवणाच्या कापडाखाली झाकून शेडात आणायच्या. "गिऱ्हाइकं मागं बसत्यात, तितं वारा लागतो," असं नवऱ्याला सांगायचं. नवरा शेगडीपुढे घामाघूम, त्याला मागे यायला फुरसत नाही. शेळी अंगाने भरली.

"अगं, सांगून टाक ना," मी तिला म्हटलं होतं.

"सांगू? आन कंपनीचं पत्र आलंय त्याचं काय करू?"

मुंबईहून पत्र आलं होतं. एक नोव्हेंबरला जहाजावर हजर व्हा, येणार की नाही ते कळवा. हॉटेल चालत नसतं तर तो बॅग भरून मोकळा झाला असता. पण वीस प्लेटी रिकाम्या येत होत्या. त्याने 'येत नाही' असं उत्तर लिहून पाकीट बंद केलं, एप्रनच्या खिशात ठेवलं. शनिवारी टपालात टाकणार होता. त्याआधी फक्त एक गोष्ट हवी होती त्याला. आबाने एकदा येऊन आपल्या हातचं जेवावं.

म्हणून हा बुधवार.

आबाजी आले. घोंगडी खांद्यावर, काठी टेबलाला टेकवलेली. नागेशने मधोमध मोठं ताट आणलं. पाव, सळईवरचं मटण, पानं, आणि घट्ट दह्यात किसलेली काकडी, वर लसूण.

आबाजींनी बोटाने दही चाखलं. "कोशिंबीर हाय की."

"झाझिकी म्हणत्यात आबा तिला."

"म्हणू द्या. कोशिंबीरच हाय. बरी झालीया." मग त्यांनी एक पान उचललं, उलटं केलं, नाकाशी नेलं. "ह्यो द्राक्षाचा पाला."

"कोवळी पानं हायत. मिठाच्या पाण्यात उकडलेली."

"आरं, छाटणीचा पाला खायला मी कालच मेंढरं बागंत घातली. मला बी तितंच बसवायचं हुतंस, बसभाडं वाचलं असतं."

"आबा, एकदा खाऊन तरी बघा!"

"औषध मारत्यात रं त्याच्यावर. सूनबाई, ऱ्हाऊ दे ह्ये. ती तुझी मागच्या दाराची भाकरी आण बरं एक."

सुकन्याच्या हातातला तांब्या टेबलावर टेकता टेकता थांबला.

"कुठली भाकरी?" नागेशने विचारलं.

"आता कुठली म्हंजे? आपल्या गावची चार पोरं रोज तीच खाऊन पाळीवर जात्यात. बाजारात भिमा सांगत हुता, वैनींच्या हाताला चव हाय म्हणून. म्हटलं, आपण बी खावी." आबाजींनी एकदा मुलाकडे, एकदा सुनेकडे बघितलं. "ह्याला ठावं न्हाय व्हय?"

भाकरी आली. आता लपवून तरी काय उपयोग. आबाजींनी ती मोडली, लसणाच्या दह्यात बुडवली आणि खाऊ लागले. नागेश शेडात जाऊन सगळं बघून आला. धडपं, पातेलं, शेळी. आणि मग ते पानांचं सुरू झालं.

"तोंड बघायची सवय न्हाय म्हंती! मग ऱ्हायलो की मी आता. कुणासाठी ऱ्हायलो?"

"ऱ्हावं म्हणून तर पहाटं चारला उठती मी! पन्नास भाकरी! ह्या मनगटात कळ येती, मशीनचं चाक फिरंना. आन तुमी आत शिट्ट्या मारताय."

"म्हंजे एकानं बी खाल्लं न्हाय? एकानं बी?"

मी घाईघाईने ते पान तोंडात घातलं. छान होतं, आंबट, लुसलुशीत. मी तसं म्हणालेही. माझ्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही.

"पप्पा," गल्ल्यामागून मनिषा परकर सावरत म्हणाली, "शेळीला लई आवडत्यात."

नागेश खुर्चीत बसला. सळई अजून हातातच.

"आबा," तो वैतागून म्हणाला, "ते पावाबरुबर खायचं असतंय. भाकरीबरुबर न्हाय."

"पोटात गेल्यावर कोण इचारतंय?" आबाजींनी वाटी पुसून पुढे केली. "आनखी हाय का?"

नागेश उठला नाही. त्याने एप्रनच्या खिशातून पाकीट काढलं. हळदीचा एक ठसा पडला होता त्यावर. ते त्याने टेबलावर सुकन्याच्या बाजूला सरकवलं.

"मला वाटलं हुतं, माझ्या हातचं खायला येत्यात. त्या भरवशावर लिव्हलं ह्ये."

"म्हाईत हाय."

"आता काय करू? टाकू का फाडू? तूच सांग."

आठ वर्षांत हा प्रश्न त्याने तिला कधी विचारला नव्हता. जाताना तारीख सांगायचा, येताना तारीख कळवायचा. सुकन्याच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला नाही. पहाटे चारला उठणाऱ्या बाईला हे आता विचारतोय, असलं काहीतरी होतं. ओठ आवळलेले, नाकपुड्या फुललेल्या.

मागून पाळी सुटलेल्यांच्या मोटरसायकली आल्या. एक, दोन, पाच. भिमाची हाक आली, "वैनी! सात जणं हायत आज!"

"सुकन्या," नागेश म्हणाला, "टाकू का फाडू?"

तिने पदर कमरेला खोचला. आत जाऊन त्याच्या झाझिकीचं पातेलं उचललं, पहिल्यांदा आबाजींच्या वाटीत दोन डाव घातलं, मग ते पातेलं तसंच कडेवर घेतलं आणि नवऱ्याच्या खुर्चीला वळसा घालून, पाकीट तिथेच टेबलावर ठेवून, मागच्या दाराने त्या सात जणांना वाढायला गेली.