स्वयंपाकघरातून ऐकलेले स्पीकर

हौसेला मोल नसतं म्हणतात. ही म्हण ज्याने काढली त्याने आमच्या ह्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरची किंमत विचारली नसणार. मोल असतं हो, आणि ते चांगलं पावतीवर छापून येतं.

हे दिवसभर कवळ्या करतात. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे ठसे येतात. त्यावरून साचा करायचा, साच्यावर मेण, मेणात दात बसवायचे. बसलेला दात केसभर जरी वाकडा असला तरी ह्यांना घास गिळवत नाही, मग ती कवळी घालणाऱ्याला चालत असो की नसो. स्वभाव तसा शांत, इतका शांत की लग्नानंतर आठवडाभर मला वाटत होतं, माणूस रुसलाय. पण संध्याकाळी हातावरचा प्लास्टरचा पांढरा थर धुऊन आतल्या खोलीत गेले की बघावं. तिथे ह्यांचा संसार. स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्डचं कपाट आणि जमिनीवर मनगटाएवढ्या जाड तारा. झाडू मारताना त्यातली एक हलली तर दुपारी घरी न येताही ह्यांना कळायचं, असं मी चारचौघांत सांगते. फार खोटं नाही ते.

एका हाय-फाय मासिकात हे परीक्षणं लिहितात. कंपन्या नवीन यंत्रं आमच्याकडे धाडतात, ती महिनाभर पाहुण्यासारखी राहतात आणि मग ह्यांचं मत घेऊन परत जातात. लिहायची भाषा तर अशी! 'शांततेचा रंग अधिक गडद झाला' असं एकदा लिहिलं होतं. मी म्हटलं, "अहो, शांततेला रंग कधीपासून आला? आणि धुतला तर जातो का?" ह्यांनी पेन खाली ठेवलं, मान हलवली आणि तो रंग तसाच ठेवला.

या मासिकात माझी वर्णी लागली ती अपघाताने. फार वर्षांपूर्वी मी ओट्यापाशी कांदा चिरत होते आणि आत एक बाई पियानोबरोबर गात होती. तीच रेकॉर्ड, महिनोन्‌महिने तीच. पण त्या दिवशी काहीतरी वेगळं लागलं. मी तिथूनच ओरडले, "आज काय बदललंत हो? बाई जरा पुढे येऊन गातेय!" हे धावत बाहेर आले. नवीन अ‍ॅम्प्लिफायर लावून जेमतेम पाच मिनिटं झाली होती. मला सांगितलेलंही नव्हतं.

ते वाक्य ह्यांनी परीक्षणाच्या शेवटी जसंच्या तसं लिहिलं. झालं! वाचकांची पत्रं यायला लागली, वहिनींना काय वाटलं ते कळवा. तेव्हापासून प्रत्येक परीक्षणाचा शेवट म्हणजे 'स्वयंपाकघरातून'. फ्रिजपेक्षा महाग अशी एक तार आली होती. तिच्यावर मी म्हटलं, "काही फरक नाही, दूध तेवढं उतू गेलं." तेही छापलं ह्यांनी. त्या कंपनीने जाहिरात काढून घेतली. संपादक कुरकुरले, पण हे बधले नाहीत. "ती म्हणाली ते लिहिलं," एवढंच.

मला ते आवडायचं, का खोटं बोलू? त्या तारा, ते आकडे, ते सगळं माझ्या डोक्यावरून जायचं. नाकापेक्षा मोती जड असंच माझं मत होतं आणि आहे. पण ह्यांच्या त्या जगात मला जागा होती, ओट्यापाशी का होईना. कंपनीच्या मोठमोठ्या इंजिनिअरांचं म्हणणं ऐकून हे घरी यायचे आणि मला विचारायचे, "तुला काय वाटतं?"

मग एका सकाळी माझा डावा कान गेला.

गेला म्हणजे अक्षरशः गेला. रात्री झोपले तेव्हा होता, उठले तर नाही. पाणी गेलं असेल म्हणून मी डोकं वाकडं करून एका पायावर उड्या मारल्या. डॉक्टर म्हणाले, आतली नस गेलीय, औषध देतो, पण आशा धरू नका. उजवा उत्तम आहे. त्यानंतर जो भेटेल तो तेच म्हणायचा, "एक आहे ना, नशीब समजा." एक चप्पल आहे ना म्हणून कोणी बाजारात जातं का? पण काय बोलणार! लोक चांगल्या मनानेच म्हणतात.

ऐकू कमी येतं, याचा त्रास नव्हता. कुठून येतं ते कळेना, हा त्रास. फोन वाजला की मी कपाटात बघायची, पिशवीत बघायची, उशीखाली बघायची, आणि तो टेबलावर माझ्यासमोर. रस्त्यावर भोंगा वाजला की जागच्या जागी उभी. ह्यांनी "अगं" म्हटलं की मी भलतीकडे वळायची. आणि गाणं! पूर्वी बाई पुढे, पियानो मागे, मध्ये जणू अंगण असायचं. आता सगळं एका पिशवीत कोंबून कोणीतरी कानाशी आणून ठेवल्यासारखं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. ह्यांना तर नाहीच. सुरुवातीला ह्यांनी आपल्या पद्धतीने इलाज करून बघितला. स्पीकर वीतभर इकडे सरकवायचा आणि विचारायचं, "आता?" वीतभर तिकडे, "आता?" शेवटी माझा तोल गेला. "माझा कान म्हणजे तुमची तार नाही, बदलून बघायला!" ह्यांनी त्यानंतर विचारणंच बंद केलं. ते मला जास्त लागलं. बोलले मीच होते, पण लागलंही मलाच. आता ह्यांना माझा काय उपयोग, हेच रात्रंदिवस डोक्यात.

त्याच सुमारास ते स्पीकर आले. चार माणसं लागली उचलायला. किंमत ऐकून मी पदराने खुर्ची पुसली आणि बसले. एवढ्यात एक फ्लॅट आला असता, आणि फ्लॅटमध्ये निदान राहता येतं. पहिल्या संध्याकाळी हे ऐकून बाहेर आले तेव्हा डोळे ओले होते.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"फार सुंदर," हे म्हणाले. "इतके सुंदर की राग येतो."

मला मात्र तीच पिशवी, जरा मोठी.

संपादकांचा फोन आला. या वेळी मुखपृष्ठावर हेच स्पीकर, कंपनीने मागचं अख्खं पान घेतलंय, आणि वहिनींचं वाक्य हवंच, लोक वाट बघतात. हे म्हणाले, "बघू."

त्यानंतरचा आठवडा हे विचित्रच वागत होते. मी एक विचारावं तर ह्यांनी भलतंच उत्तर द्यावं. एकदा दारावर बेल वाजली तर गॅलरीत जाऊन बघून आले. मला वाटलं, परीक्षणाची काळजी लागलीय. माझ्यामुळे अडलंय. मग मी ठरवलं, एक वाक्य तर हवंय, देऊन टाकू. माझं काय जातं? खोटं तर खोटं.

संध्याकाळी मी ओट्यापाशी होते. दार वाजल्यासारखं वाटलं, हे आले असणार. थोड्या वेळाने गाणं लागलं. बाईचाच आवाज. मी हात पुसले, छातीत श्वास भरला आणि जमेल तेवढ्या कौतुकाने ओरडले, "अहो! काय हे स्पीकर! बाई अगदी ओट्याशी येऊन उभी राहिलीय!"

उत्तर नाही. मी आणखी जोरात, "पैसे वसूल हो! लिहा असंच!"

मान वर केली तर हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. हातात पिशवी, खांद्यावर छत्री, पायात बूट.

"अगं," हे म्हणाले, "मी आत्ता येतोय. गाणं वरच्यांच्या टीव्हीवर चाललंय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "हसा!" मी म्हटलं. "हसा ना! वरच्यांच्या टीव्हीला मी फ्लॅटची किंमत दिली, हसा की!" आणि रडायलाच लागले. तोंड लपवायला नळाशी गेले, नळ सोडला आणि म्हटलं, "चहा घेणार का?"

हे वळले आणि बाहेरच्या दाराकडे बघत म्हणाले, "काय?"

मी नळापाशी, आणि हे बघतायत दाराकडे. मला एकदम चमकल्यासारखं झालं. नळ बंद केला, जवळ गेले आणि ह्यांचं डोकं धरून उजेडाकडे वळवलं. डाव्या कानात काहीतरी गुलाबी, कवळीच्या हिरड्यांसारखं गुलाबी, अगदी कानाच्या मापाचं, कुठे फट नाही.

"हे काय?"

"बूच. स्वतःच्या कानाचा ठसा घेतला आणि केलं."

"कधीपासून घालताय?"

"ते स्पीकर आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"कामावर? रस्त्यावर?"

"सगळीकडे."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? गाडीखाली आला असतात म्हणजे?"

"एकदा येतच होतो," हे म्हणाले. "तू काही सांगत नव्हतीस. म्हटलं, आपणच बघावं तुला काय ऐकू येतं ते." मग म्हणाले, "फार एकटं वाटतं गं. सगळे असतात आजूबाजूला, पण कोण कुठे आहे तेच कळत नाही."

मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, लेकीला सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाही तो शब्द सापडला नव्हता. एकटं. मी ह्यांच्या शर्टात तोंड खुपसून मनसोक्त रडले. छत्री मध्ये टोचत होती, ती कोणीच काढली नाही.

चहा घेताना मी विचारलं, "आणि ते स्पीकर? बूच घालून कसे वाटले?"

"आपल्या जुन्यांसारखेच. काडीचा फरक नाही."

"म्हणजे लबाडी आहे सगळी?"

"नाही गं. दोन कानांना खरंच सुंदर आहेत. खोटं कशाला लिहू?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा संपादक. फोन स्पीकरवर होता, मी भाजी निवडत ऐकत होते. हे म्हणाले, परीक्षण तयार आहे, वाक्य नाही. संपादक हसले. "तुम्हीच टाका हो एखादं. वहिनी काय कोर्टात जाणार आहेत?"

मी फोन ह्यांच्या हातातून घेतला आणि उजव्या कानाला लावला. "वहिनीच बोलतेय. लिहून घ्या. स्वयंपाकघरातून या वेळी काही ऐकू आलं नाही, कारण माझा एक कान गेलाय. दोष स्पीकरांचा नाही. आणि माझाही नाही. छापायचं तर एवढंच छापा, नाहीतर पान कोरं ठेवा."

संपादक म्हणाले, "वहिनी, मला माहीत नव्हतं हो." छापलं त्यांनी, शब्द न शब्द.

स्पीकर परत गेले. पुन्हा चार माणसं, पुन्हा आमच्या भिंतीला ओरखडा. संध्याकाळी ह्यांनी आपले जुने लावले आणि मला बोलवायला आले.

"मला काय करायचंय तिथे? पिशवीच ऐकू येणार."

"चल तर."

मी बसले. हे माझ्या उजवीकडे बसले, अगदी खेटून. तिथून स्पीकर नीट ऐकू येत नाहीत, एवढं इतक्या वर्षांत मलाही कळलंय. ह्यांनी रेकॉर्ड लावली होती, तीच, पियानोवाल्या बाईची. गाणं सुरू झालं तसं हे माझ्या कानाशी हळू आवाजात बोलायला लागले.

"बाई मधोमध उभी आहे. पियानो तिच्या मागे, जरा डावीकडे. वाजवणारा वाकून वाजवतोय. आता उजवीकडून व्हायोलिन आलं, तिकडे, खिडकीपाशी. दोघेजण आहेत. एक पुढे, एक थोडा लांब, भिंतीला टेकल्यासारखा. बाई आता त्यांच्याकडे वळली, बघ."

मी डोळे मिटले. एकेक जण आपापल्या जागी जाऊन उभा राहिला. पिशवी सुटली, अंगण झालं. मासिकात कधी लिहिलं नसेल इतकं हे त्या संध्याकाळी बोलले आणि मी एकदाही त्यांना अडवलं नाही. रेकॉर्ड संपत आली तेव्हा म्हटलं, "सगळ्यांचं सांगितलंत. आणि तुम्ही कुठे आहात?"

"उजवीकडे," हे म्हणाले. "तुझ्या उजवीकडे."