यादीतली बाविसावी ओळ

हे सगळं मला नीट आठवतंय का, याची खात्री नाही. रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन अबुधाबीच्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत अकरा वर्षं कामगारांच्या याद्या केल्या. किस्से एकावर एक साचत गेले.

*

पहिल्याच आठवड्यात चाळीस जणांची यादी गेटपासच्या शीटमध्ये कॉपी केली. फक्त व्हॅल्यूज पेस्ट केल्या, फॉरमॅट मागे राहिला. एमिरेट्स आयडीचे पंधरा आकडे आक्रसले आणि प्रत्येकासमोर 7.84E+14 एवढंच उमटलं.

गेटवरच्या वॉचमनचा फोन आला. "डॉक्टर साब, चालीस आदमी, नंबर एक. सब जुड़वाँ हैं क्या?"

चाळीस जण दुपारपर्यंत बसमध्ये बसून होते.

*

शेजारच्या टेबलावर सेफ्टी ऑफिसर सावंत. मेडिकलमध्ये उंचीवर चढायला अनफिट ठरलेल्या माणसाची ओळ तो मला द्यायच्या यादीत लाल करायचा.

मी म्हटलं, "रंगाऐवजी एक कॉलम लिही की."

"डॉक्टर, कॉलम कोण वाचतो? सिग्नलला तुम्ही थांबता, ते काय वाचून?"

*

गेटच्या प्रकारानंतर मी धास्तावून सगळं फॉरमॅटसकट पेस्ट करू लागलो. क्लायंटच्या शीटचे रंग, बॉर्डर, फॉन्ट, सगळं विस्कटलं. आमचा लेबनानी मॅनेजर स्क्रीनकडे बघत म्हणाला, "हबीबी, आज होली है?"

पुन्हा फक्त व्हॅल्यूज पेस्ट करण्यावर आलो; रंग मागेच राहायचे. आयडीचा कॉलम हातानं नीट करायचा, लाल ओळीही हातानं भरायच्या. सावंत दर वेळी आठवण करायचा, "रंग भरा हां, डॉक्टर."

भरायचो. बहुतेक.

*

एका ऑगस्टमध्ये रामसेवक नावाचा फिटर चक्कर येऊन स्कॅफोल्डिंगवरून पडला. वाचला, पण पायांवर पुन्हा उभा राहिला नाही. साइटवर गेलेल्या यादीत त्याची ओळ पांढरी होती.

चौकशीत मला विचारलं. मी म्हणालो, "सावंतकडून आली तेव्हाही पांढरीच होती, असं आठवतं." मला खरंच तसं आठवत होतं.

सावंतनं मूळ फाइल शोधली, पण त्यानं त्याच शीटवर पुढच्या महिन्याची यादी सेव्ह केली होती. बाहेर आल्यावर म्हणाला, "तुम्ही एवढे शिकलेले. तुम्ही म्हणता तर माझीच चूक असणार."

महिनाभरात त्याचा व्हिसा रद्द झाला. एअरपोर्टवर मीच सोडलं. वाटेत त्यानं रामसेवकची चौकशी केली.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी, दुबईतल्या करामाच्या फ्लॅटमध्ये जुना पेनड्राइव्ह रिकामा करत होतो. त्यात त्या महिन्याची, सावंतनं मला दिलेली फाइल निघाली.

बाविसावी ओळ, रामसेवक. लाल.