आधी कोपऱ्यावर करून बघावं

मी चिडत नाही. मी फक्त कपाटं आवरायला घेते.

आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी वरच्या फळीवरचे डबे धाडधाड खाली काढायला लागले की आमचे हे पेपर घेऊन गॅलरीत जातात आणि मंजिरी पुस्तक उघडून बसते (परीक्षा झालेली असली तरी!). मंजिरीच्या ॲडमिशनच्या आदल्या रविवारी मी पाच कपाटं आवरली असती. पण नवीन पनवेलच्या त्या दोन खोल्यांत कपाटं दोनच होती.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मंजिरी, आमची एकुलती एक मुलगी, नुकतीच बारावी पास झाली होती. तिला फॅशनचं वेड होतं. वेड म्हणजे, तिच्या हातात कात्री दिसली की घरातली माणसं अंगावरचे कपडे सांभाळायची. ह्यांच्या चांगल्या शर्टाच्या बाह्या उडवून तिने स्वतःला जाकीट केलं होतं. ड्रेसचे खांदे उठून दिसावेत म्हणून भांडी घासायचा नवाकोरा स्पंज मधोमध कापून आत शिवला होता. (तो स्पंज मी कामवालीकडे मागत राहिले. शेवटी ती काम सोडून गेली. स्पंज कॉलनीभर मिरवत होता!)

शेवटी मीच म्हटलं, "कापायचंच आहे ना? मग डिग्री घेऊन काप!"

मुंबईत मुलींच्या एका कॉलेजात होम सायन्स होतं, त्यात कापड आणि शिवण हा विषय होता. मंजिरीने घर डोक्यावर घेतलं. तिथेच जायचं, नाहीतर कुठेच नाही! फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस सोमवार. सोमवार हुकला तर गावातच कॉमर्सला बसायचं, असं ठरलं होतं. मंजिरी आणि हिशेब! बिचारी रडली असती, आणि कॉमर्सचे सरही.

मी तयारी कधीच अर्धवट ठेवत नाही. फॉर्म मी भरला. झेरॉक्स मी काढल्या. फोटो मी समोर उभं राहून काढून घेतला: मधोमध भांग, तेल लावून दोन वेण्या, दोन्ही कान मोकळे. तो फॉर्मवर डिंकाने असा चिकटवला की फॉर्म फाटेल पण फोटो निघणार नाही. राहिली होती फक्त फोटोवर गॅझेटेड ऑफिसरची सही.

निकाल लागले की गॅझेटेड ऑफिसरला लग्नाच्या हॉलसारखी मागणी यायची. आमचं नशीब असं की समोरच्याच बिल्डिंगमध्ये परांजपे साहेब राहायचे. रविवारी दुपारची झोप झाली, चहा झाला, की ते सह्या करायला बसायचे. हिरव्या शाईने. पण फोटोतला माणूस समोर उभा असल्याशिवाय पेनाचं टोपण काढायचे नाहीत. माझा बेत सरळ होता: सकाळी बाजार, दुपारी जेवण, संध्याकाळी सही, सोमवारी पहिली एसटी.

सकाळी मी जुन्या पनवेलला बाजाराला गेले. पिशव्या घेऊन परत येते तर जिन्यात आमची नेहमीची कोळीण जनाबाई टोपली घेऊन उतरत होती.

"ताय, घरी पावनी आली हाय का?"

"नाही गं. कोण येणार?"

"आली हाय! मांदेली घेतली तिनं. भाव पन नाय केला."

भाव न करणारी बाई आमच्या घरात एकच. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. दार उघडलं. समोर मंजिरीचा ड्रेस घालून फ्लॉवरचा भला मोठा गड्डा उभा होता.

"हे काय आहे?"

"पर्म. केस कुरळे केलेत."

"कोणी केलं?"

"सुरेखाकाकूंनी. आई, ओरडू नकोस, फुकट केलंय! त्यांना प्रॅक्टिस हवी होती."

सुरेखा म्हणजे तळमजल्यावरची आमची शेजारीण. दादरला जाऊन तिने ब्युटी पार्लरचा कोर्स केला होता आणि गॅलरी बंद करून तिथे एक खुर्ची नि एक आरसा टाकला होता. गिऱ्हाईक मिळेना. माझी मुलगी मिळाली!

"अगं, उद्या कॉलेजात जायचंय तुला!"

"म्हणून तर! कपड्यांचं शिकायला आलेली मुलगी तेलकट वेण्या घालून उभी राहिली तर घेतील का मला?"

"आणि फोटो?"

"कसला फो..." म्हणता म्हणता तिचा चेहरा पडला. केस मात्र तसेच उभे राहिले.

नवीन फोटो काढणं शक्य नव्हतं. स्टुडिओ रविवारी बंद, आणि उघडा असता तरी प्रिंट दुसऱ्या दिवशी. मी कंगवा घेतला. दोन दात केसांत राहिले. इस्त्री गरम करायला लावली; मंजिरी किंचाळत बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली.

"अहो, तुम्ही काहीतरी बोला!" मी गॅलरीकडे बघून ओरडले.

"छान दिसतंय," पेपरमागून आवाज आला. मग घाईघाईने, "म्हणजे, फार वाईट झालं."

"नक्की काय?"

"तू सांगशील ते."

मी पहिलं कपाट उघडलं, धाडकन बंद केलं आणि खाली सुरेखाकडे गेले. मागोमाग मंजिरीही आली, भिंतीला चिकटून.

"सुरेखा, हे होतं तसं कर. आत्ताच्या आत्ता!"

"होईल की, वहिनी! तेच लोशन पुन्हा लावायचं आणि केस सरळ विंचरून धरायचे." तिने मंजिरीची एक बट ओढून पाहिली. "फक्त एका दिवसात दोनदा मी कधी कोणाला लावलेलं नाही. गळाले-बिळाले तर..."

"आई!" मंजिरीने दोन्ही हातांनी गड्डा धरला. "टक्कल घेऊन मी कॉलेजला जाणार नाही!"

इथे माझ्यातली शहाणी बाई जागी झाली. माझा एक नियम आहे: नवीन काहीही आधी कोपऱ्यावर करून बघावं. साडीचा रंग जातो का, आधी पदराच्या टोकाला. डाग निघतो का, आधी आतल्या शिवणीला. इथे तर पोटच्या मुलीच्या डोक्याचा प्रश्न! कोपरा म्हणून मी स्वतः खुर्चीत जाऊन बसले.

"आधी माझ्यावर करून बघ."

"पण वहिनी, तुमचे सरळच आहेत."

"मग आधी कुरळे कर. मग सरळ कर. माझे गळले नाहीत तर हिला बसव. सोपं आहे!"

सुरेखा माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, माझ्या डोक्याचं कौतुक करतेय. (आज वाटतं, तिला दुसरं फुकटचं गिऱ्हाईक मिळाल्यावर विश्वास बसत नव्हता.)

"एकच बट घेऊ का?" तिने विचारलं. "पण बाटली उघडली की ठेवता येत नाही हो. वाया जाते."

वाया! हा शब्द माझ्यासमोर उच्चारू नये.

"मग सगळं डोकं कर!"

तिने केसांत रोलर गुंडाळले. वरून लोशन ओतलं. सडक्या अंड्यांसारखा वास सुटला. जिन्यावरून जाणारा प्रत्येक माणूस आत डोकावून, "गॅस लीक झालाय का?" असं विचारून गेला. मी त्या खुर्चीतून मंजिरीला, सुरेखाला आणि वर गॅलरीत बसलेल्या ह्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होते.

"वहिनी, ओरडा हवं तर, पण मान हलवू नका. रोलर सुटतो."

म्हणून मी मान न हलवता ओरडले. अवघड असतं ते. हात चालत नाहीत, डोळे वटारावे तर समोर आपणच! आरशातल्या बाईला मी दुपारभर झापलं.

चारच्या सुमारास डोकं धुतलं. सुरेखाने टाळ्या वाजवल्या.

"अय्या वहिनी, काय सुंदर आलेत!"

"कौतुक नको. आता सरळ कर."

तिने बाटली उचलली. हलवली. उलटी केली. एक थेंब आला आणि तोही तिच्या पायावर पडला.

"वहिनी... संपलं."

"दुसरी बाटली?"

"दादरला मिळते."

आता घरात फ्लॉवरचे गड्डे दोन झाले होते!

सहीची वेळ टळून चालली होती. मी डोक्यावरून पदर घेतला. तो केसांना न टेकता तंबूसारखा अधांतरी राहिला. मंजिरीचा हात धरून मी परांजप्यांचं दार वाजवलं. साहेबांनी दार उघडलं आणि माझ्याकडे आदराने पाहिलं.

"आपण कोण?"

"साहेब, मी! मंजिरीची आई! समोरची!"

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. फॉर्म घेतला. फोटो बघितला, मंजिरीला बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"ही ती नाही."

"अहो काका, मीच आहे!" मंजिरी रडकुंडीला आली. "परवा नाही का तुम्हाला पेढे द्यायला आले होते!"

"पेढे मी शेजारी म्हणून खाल्ले, बाळ. सही सरकारची असते."

झालं! दुपारभर मान न हलवता साठवलेलं सगळं बाहेर आलं.

"सरकारला केस काय करायचेत, साहेब? मार्क डोक्याच्या आतले आहेत! पोरगी तिथल्या वर्गात बसायला मरतेय आणि तुम्ही भांग शोधताय? करा सही, नाहीतर हिला इथेच ठेवून जाते, कॉमर्स तुम्ही शिकवा!"

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. मंजिरी हुंदके द्यायला लागली. मी त्यांच्या हॉलमधल्या कपाटाकडे नजर टाकली. तेवढ्यात आतून परांजपेवहिनींचा आवाज आला.

"अहो, फोटोत कान दिसताहेत ना? कान काही कुरळे होत नाहीत!"

साहेब विचारात पडले. नियमात बसत होतं.

"कान दाखवा."

मी दोन्ही हातांनी मंजिरीच्या डोक्यावरचं जंगल बाजूला धरलं. साहेबांनी भिंग आणलं. तिच्या डाव्या कानाच्या पाळीला एक तीळ आहे. फोटोतही तो होता. जो कान मी इतकी वर्षं पिळला होता, त्याने एका शब्दाने तक्रार न करता आमचं काम केलं. साहेबांनी टोपण काढलं आणि हिरवी सही केली.

"पुढच्या वेळी फोटो आणि डोकं एकाच दिवसाचं आणा," ते म्हणाले.

सोमवारी एसटीने मुंबई गाठली. कॉलेजच्या खिडकीतल्या बाईंनी फॉर्म ओढला, शिक्का मारला, पावती दिली आणि "पुढे!" म्हणाल्या. मान वर नाही! भिंग नाही, कान नाही, काही नाही! माझा पारा पुन्हा चढला.

"अहो बाई, फोटोकडे एकदा बघा तरी! काल काय काय झालंय तुम्हाला कल्पना आहे का?"

बाईंनी मान वर केली. मंजिरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हात पुढे केला.

"तुमचा फॉर्म कुठाय?"

मंजिरी परतीच्या एसटीत पनवेल येईपर्यंत हसत होती. मी अजिबात हसले नाही. (त्या बाईंचं वाक्य मी घरी आल्यावर ह्यांना फक्त चारदा सांगितलं.)

मंजिरीला ॲडमिशन मिळाली. आता तर डिग्रीही झाली, आणि हल्ली ती केस सरळ ठेवते. म्हणते, कुरळ्यांची फॅशन गेली. मी मात्र सुरेखाला माफ केलेलं नाही. लोशन किती शिल्लक आहे ते आधी बघायला हवं होतं, हे तिने अजून कबूल केलेलं नाही. म्हणून मी दर सहा महिन्यांनी तिच्याकडे भांडायला जाते. चांगलं दुपारभर भांडते.

मान न हलवता.