जैतूनभाभीच्या पाट्या

जैतूनभाभी मोटारीतून कधी गुमान गेली नाही. ती उतारूंची मोटार तिचा नवरा मौलाभाईच चालवायचा. ती त्याच्या मागच्या बाकावर बसायची आणि रस्त्याकडेला नवी पाटी दिसली की त्याच्या पाठीत गुद्दा घालायची. "रोको! रोको म्हन्ते ना!" मौलाभाई बिचारे ब्रेक दाबायचे. उतारू करवादायचे. भाभी खाली उतरून पाटीपुढं उभी राहायची, वितीनं तिची लांबी-रुंदी मापायची, कोळशाच्या तुकड्यानं तळहातावर काहीतरी ओढायची आणि मूठ मिटून परत गाडीत चढायची. घरी येईपर्यंत ती मूठ उघडत नसे. कुणी कुरकुरलंच तर तिचं उत्तर ठरलेलं होतं, "रस्ता काय तुमच्या बापाचा हाय? सरकारनं पाटी बघायलाच लावलीय. मी बघते. तुमी बी बघा."

निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं. धाराशिवहून तुळजापूरचा घाट उतरून सोलापूरला जाणारा रस्ता आमच्या गावाला लागून जायचा. तामलवाडीच्या पुढं हद्द होती. अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजांचं. हद्दीवर जकातीचा नाका आणि रस्त्यावर आडवा तांबडा-पांढरा दांडा. मी लग्न होऊन त्या गावात आले तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची असेन. माझे मालक सोलापूरला गिरणीत होते. घरात मामंजी, सासूबाई आणि धाकटा दीर दत्तू. आमच्या भिंतीला भिंत लागून मौलाभाईंचं घर. त्यांना मूलबाळ नव्हतं.

पहिल्यांदा मी तिच्या अंगणात गेले तेव्हा दोरीवर एक वाकळ, जुन्या लुगड्यांची गोधडी, वाळत होती. आमच्याकडे वाकळीला चौकोन लावतात, फार तर कडेनं चिमण्या. हिच्या वाकळीवर रस्ता होता. काळ्या लुगड्याच्या पट्टीचा लांबलचक रस्ता, घाटात नागमोडी वळलेला. कडेला मैलाचे पांढरे दगड, खांबावरचे लाल तिकोन, फरशीचा पूल, नाक्याचा दांडा. एका बाजूच्या पाट्यांवर उर्दू अक्षरं, दुसऱ्या बाजूला मराठी. तिला दोन्ही येत नव्हती. ती अक्षरं चित्रासारखी कापायची, त्यामुळं निम्मी उलटी लागलेली. मी हसले आणि म्हटलं, "भाभी, तुम्ही सोलापूर उलटं लिहिलंय."

"तुमी-बिमी नक्को करू मला, दुल्हन," ती म्हणाली. "आन येताना सोलापूर उलटंच दिसतंय की. मागं वळून बघत्यात तवा."

मला ती शेवटपर्यंत दुल्हनच म्हणाली. तिच्या शेजारी बसून मी टाके घालायला शिकले. टाका वाकडा गेला की ती हातावर फटका मारायची, खरोखरीचा. तिचा राग गावाला माहीत होता. शिंप्याची मोठी लोखंडी कात्री ती कमरेला खोचून हिंडायची. एकदा चिंध्या विकणाऱ्यानं कुजकं कापड गळ्यात मारलं, तेव्हा तिनं त्याच्या पागोट्याचा शेव कात्रीनं उडवला आणि म्हणाली, "हे चांगलं हाय. हे दे." तो देऊन गेला.

सत्तेचाळीसपासून दिवस बिघडले. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या हद्दीवरच्या गावांतून फिरू लागल्या. पलीकडून येऊन नाके जाळणारेही होते. मधली गावं दोन्हीकडून भरडली जात होती. आमच्या मामंजींनी पलीकडच्या पोरांना भाकरी दिल्या, असं कुणीतरी सांगितलं. ते खरंही होतं. एका दुपारी टोळी आली. खाकी कपडे, हातात तलवारी आणि बंदुका. त्यांनी मामंजींना अंगणात ओढलं आणि बंदुकीच्या दस्त्यांनी मारायला सुरुवात केली. सासूबाईंनी मला आणि दत्तूला माळवदावर ढकललं होतं. दत्तू अठरा-एकोणीस वर्षांचा. तो खाली उडी घ्यायला बघत होता आणि मी त्याच्या पायाला मिठी मारून पडले होते.

तेवढ्यात भाभी धावत आली. ती मामंजींच्या अंगावर आडवी पडली आणि ओरडू लागली, "मेरा चाचा है! बूढ़ा है! अल्लासे डरो!" एकानं तिला केसांना धरून बाजूला फेकलं. ती उठली आणि कात्री काढून त्याच्या मांडीत खुपसली. दुसऱ्यानं तलवार फिरवली. ती तिच्या डोक्यावर यायची, तिनं हात वर केला म्हणून हातावर बसली. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आमच्या तुळशीपाशी पडली. टोळी निघून गेली. मामंजी संध्याकाळ व्हायच्या आत गेले.

त्यानंतर दत्तू कुणाशी बोलेनासा झाला. भाभी हाताची जखम बऱ्यापैकी भरल्यावर पुन्हा वाकळ घेऊन बसली. कात्री आता डाव्या हातात. आकार मोठे आणि ओबडधोबड निघू लागले. "बारीक काम गेलं," ती म्हणाली. "आता लांबून दिसंल असं करायचं."

पुढच्या वर्षी भारताची फौज आली. निजामाचं राज्य चार-पाच दिवसांत संपलं. गावोगाव झेंडे लागले, आणि त्याच आठवड्यात सूड सुरू झाला. ज्यांनी छळलं होतं ते आधीच पळाले होते. हाताशी सापडले ते घरी राहिलेले साधे मुसलमान. कुणी विणकर, कुणी शेतमजूर, कुणी मौलाभाईंसारखा मोटार हाकणारा. सासूबाईंनी भाभीला आमच्या धान्याच्या खोलीत कणग्यांच्या मागं दडवलं आणि दाराशी जातं ओढून दळत बसल्या. माणसं आली, घर धुंडाळायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "माझा नवरा गेलाय ह्या अंगणात. माझ्या घरात कुणाला हुडकताय रं?" ती माणसं खाली मान घालून गेली.

मौलाभाई तुळजापुरात अडकले होते. तिथल्या काही घाबरलेल्या बायापोरांना मोटारीत घालून ते सोलापूरकडे निघाले. आमच्या गावाबाहेरच्या लिंबाजवळ जमावानं रस्त्यात दगड रचले होते. गाडी थांबली. बायापोरं शेतातून पळाली, वाचली. मौलाभाईंच्या अंगावर ड्रायव्हरचा खाकी सदरा होता.

आम्हाला कळलं तेव्हा उन्हं कलली होती. त्यांना कुऱ्हाडीनं मारलं होतं. भाभी रडली नाही. तिनं त्यांचं अंग धुतलं, सदरा काढून घेतला. गावात खांदा द्यायला त्यांच्यातला पुरुष उरला नव्हता. खड्डा सासूबाईंनी आणि मी खणला. दत्तू दिवसभर मळ्यात होता, असं तो म्हणाला.

तिचं घर जाळलं गेलं होतं, म्हणून भाभी आमच्याकडेच राहिली. महिनाभरानं तिनं गोणपाटावर लाल लुगड्याचा मोठा तिकोन शिवला. घाटात धोक्याच्या जागी असतो तसाच. आत वळण नाही, पूल नाही, अक्षर नाही. फक्त खाकी कापडाचा एक तुकडा. ती पाटी तिनं लिंबाला खिळ्यांनी ठोकली. तिथं रस्ता सरळ होता. तरी गाडीवाले बैलांचे कासरे ओढायचे, इकडंतिकडं बघायचे आणि हळू जायचे.

चार दिवसांत कुणीतरी पाटी फाडली. तिनं दुसरी केली. ती पण फाटली. तिनं तिसरी केली. सासूबाई म्हणाल्या, "जैतून, पुरे गं आता."

"मावशी, सरकार धोक्याच्या जागी पाटी लावतंय का न्हाय? मंग हितं न्हाय लावली. म्या लावते."

एका दुपारी ती मला घेऊन ज्वारीच्या ताटांत दबा धरून बसली. रस्ता मोकळा होता. पलीकडच्या बांधावरून एक माणूस आला, विळा काढून गोणपाट उभं चिरू लागला. त्यानं तोंड वळवलं. तो दत्तू होता.

भाभी सावकाश चालत त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "तू का फाडतोस रे?"

दत्तूच्या हातातून विळा पडला. "मला रोज हितनंच जायचं असतं, भाभी."

"तू होतास?"

त्यानं पडलेल्या विळ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "म्या मारलं न्हाय. म्या धरलं हुतं नुसतं."

"कुठं धरलं?"

"हात. मागनं." त्यानं दोन्ही हात पुढं केले. "खाकी सदरा दिसला आन मला अंगण दिसाय लागलं. मार खाणारे आबा दिसाय लागले. मंग चेहरा बघितला, तवर..."

"काय बोलले ते?"

"मला वळखलं. म्हणाले, दत्तू, सोड बाळ."

भाभीनं कात्री उपसली आणि त्याच्यावर झेप घेतली. पहिला वार खांद्यात गेला. तो पळाला नाही, हातही उचलला नाही. दुसरा वार दंडात. दोघंही मातीत पडली. ती त्याच्या छातीवर बसली होती, कात्री दोन्ही हातांनी वर धरलेली, एका हाताला तीनच बोटं. मी तिच्या पाठीला बिलगून ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही. ती तशीच राहिली. मग तिनं कात्री दूर शेतात भिरकावली आणि उठली.

घरी येऊन तिनंच सासूबाईंना सांगितलं, "मावशी, तुमच्या पोराला म्या कात्री मारलीय. लिंबाखाली पडलाय. हळद घेऊन जावा." आणि मग का मारली तेही सांगितलं, एक शब्द कमी न करता.

सासूबाई मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, "माझ्यानं त्याच्याकडं बघवायचं न्हाय."

"बघावं लागंल. आई हाय तुमी. रगत जातंय त्याचं." भाभीनं स्वतः हळदीचं गाडगं काढून त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी ती सोलापूरला बहिणीकडे निघाली. सासूबाईंनी तिचे पाय धरले. तिनं त्यांना उठवलं, जवळ घेतलं, आणि तेव्हा कुठं ती पहिल्यांदा रडली. मोठ्यानं, गावभर ऐकू जाईल असं.

मोटारी पुन्हा सुरू झाल्या होत्या. मी तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेले. गाडीत बसल्यावर मी खिडकीशी जाऊन विचारलं, "भाभी, त्याला माफ केलंस का?"

"न्हाय," ती म्हणाली. "जित्ता सोडला. माफ न्हाय केला. त्ये दोन येगळं हाय, दुल्हन."

तेवढ्यात दत्तू आला. खांद्याला आणि दंडाला फडकी गुंडाळलेली, चेहरा पांढराफटक. गाडीच्या पायरीपाशी येऊन तो उभा राहिला. भाभीनं त्याच्याकडं नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. मग नव्या ड्रायव्हरकडं वळून म्हणाली, "चलो."

ती परत आमच्या गावात आली नाही.