लाल सुताच्या केबली

माझं अक्षर वाईट आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, चौथीपर्यंतच शिकले, तेवढं माफ करावं.

अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात मी झाडलोट करायचे. लेकीच्या कॉम्प्युटरच्या शिक्षणाला मालकांनी उसने पैसे दिले होते. पुढे कारखान्याची बिलं सांभाळणारे दोन मोठे कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, जोडायचं काम त्यांनी तिलाच सांगितलं. जमलं, तर मजुरीत उसने फिटणार होते.

सर्व्हरच्या पोटात आणखी कॉम्प्युटर चालतात, असं ती सांगायची. त्यांचं सगळं सामान दोन सर्व्हरमध्ये मिळून एकाच स्टोरेजवर, म्हणजे माहिती साठवायच्या वेगळ्या पेटीत ठेवायचं, म्हणजे एक सर्व्हर पडला तरी दुसरा त्यांना उठवतो. स्टोरेजच्या केबली ऑफिसच्या केबलींपासून वेगळ्या हव्या होत्या, पण सगळ्या निळ्याच. मी मागावरचं लाल सूत आणलं. दोघींनी शेजारी बसून स्टोरेजच्या केबलींना दोन्ही टोकांना गाठी मारल्या. आता ती पुण्याला असते. तसं बसणं पुन्हा झालं नाही.

काम झाल्यावर पारख म्हणून मालकांनी चालता सर्व्हर बंद करायला लावला. बिलाचा पडदा काळा झाला.

"काय गं, बसलं की सगळं!"

"दम धरा की, मालक. दुसरा उचलतोय."

 मग बिल पडद्यावर परत आलं. मालक हसले. त्यांनी तिची मजुरी उसन्यात धरली आणि आमचे उसने पैसे पुरते फिटले.